न फोडलेली डबी

“त्या फळीला ओला हात लावायचा न्हाई. आन् प्लॅस्टिक तर फोडायचंच न्हाई, उमा. सील गेलं की वस्तू गेली.”

ह्यांचं हे सांगणं मी कधी मोडलं नाही. सकाळी अंघोळ, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. पूजा झाली की चहा, आणि चहानंतर कोरड्या फडक्याने सिनेमांची फळी पुसायची. माझ्या नेमांत ह्यांचाही एक नेम असा येऊन बसला होता.

चौसाळ्याला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे डबे, पातेली, पाण्याच्या टाक्या. मागच्या खोलीत ह्यांचे सिनेमे, जुने, बहुतेक काळे-पांढरे. आधी सीडी होत्या, मग डीव्हीडी आल्या, आता ब्लू-रे म्हणून काही येतं त्याच्या निळ्या डब्या. गावात लोक म्हणतात, वैजिनाथअप्पांची दोन दुकानं आहेत, एक विकायचं आणि एक न विकायचं.

महिन्यातून एकदा ह्यांचे दोन सोबती यायचे. कड्याहून सुंदरराव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. आणि पालीहून बंकट. त्याची शेतीही मोठी आणि जीभही. मुंबईची एक कंपनी दरवर्षी पाडव्याला जाहीर करते की यंदा कुठले जुने सिनेमे डबीतून बाजारात आणणार. पाडव्याआधीच्या बैठकीत ह्या तिघांचे तर्क चालायचे. देवाच्या कौलाला बसल्यासारखे बसायचे.

“यंदा सगळे रंगीतच काढत्यात बघा,” बंकट म्हणाला. “काळे-पांढरे आता कोन घेतंय?”

“मग तू कावून घेतो?” ह्यांनी विचारलं.

“मला दुसरं व्यसन न्हाई म्हनून.”

“तंबाखू?”

“ती जेवनात मोडते.”

सुंदररावांनी चष्मा पुसला. त्यांचा तर्क नेहमी पायरी-पायरीने चढायचा. “असं बघा, गेल्या साली कंपनीनं एकाच निर्मात्याचे दोन काढले. म्हंजे त्याच्या साऱ्या रिळांचे हक्क त्यांच्याकडं आलेत. त्याचा राहिलेला एकच, ‘बेलवंती’. म्हंजे यंदा ‘बेलवंती’.”

“दरसाल हेच म्हनता की तुमी! तुमच्या ‘यंदा’ला आता दाढी आली, सुंदरराव.”

हे हसले. मी चहा ओतत होते, माझा हात थांबला. त्या सिनेमाचं नाव निघालं की तो थांबायचाच.

‘बेलवंती’चं थोडं चित्रण आमच्या माहेराजवळ, कपिलधारेच्या बाजूला झालं होतं. जत्रेचा देखावा होता आणि माणसं कमी पडत होती, म्हणून सिनेमावाल्यांनी आसपासच्या गावांतले लोक गोळा केले. त्यांत माझे वडील, अप्पा, होते. सगळ्यांना सारखे पांढरे फेटे बांधले आणि कपाळाला सारखं भस्म लावलं. त्यानंतर वर्षाच्या आत अप्पा गेले. मी तेव्हा अंगावर पिणारी होते. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. मी माझ्या बापाचं तोंड पाहिलेलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने, सावित्रीअक्काने, पाहिलं आहे. ती तेव्हा परकरी पोर होती. पुढे ‘बेलवंती’ गावोगाव फिरणाऱ्या तंबूत लागला तेव्हा आई आम्हा दोघींना घेऊन गेली. मी मांडीवर झोपले होते. जत्रा आली आणि अक्का भर तंबूत ओरडली, “अप्पा!” लोक हसले, आईने तोंडात पदर कोंबला. आई आता नाही. त्या गर्दीतून अप्पांवर बोट ठेवील असं माणूस जगात एकच उरलं आहे, ते म्हणजे अक्का. मोबाईलवर त्या सिनेमाचं एक गाणं तेवढं सापडतं, त्यात नुसती नायिका आणि झाडं.

आणि अक्काचे डोळे चालले होते. ती कड्यालाच दिलेली आहे, सुंदररावांच्या गल्लीत. त्या दिवशी चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, “वहिनी, सांगावं का नगं असं झालंय. सावित्रीअक्काला परवा नगरला नेलतं. काचबिंदूनं डावा तर गेलाच. उजव्याचं बी कडंकडंनं जायलंय. गेलेलं परत येत न्हाई म्हनले डॉक्टर. हाय तेवढं राखायचं.”

जाताना बंकट चपला घालत म्हणाला, “वैनी, यंदा बेलवंतीच बघा. सुंदररावाचा हिशेब न्हाई चुकायचा.”

पाडव्याला यादी आली. हे मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचत राहिले. मी गुढीला साखरेची गाठी बांधत होते. मग मोबाईल खिशात टाकून गुढीची काठी धरायला आले. ‘बेलवंती’ नव्हता.

पुढचे दिवस मी पूजेला बसले की मन लागेना. तळहातावर लिंग आणि मनात एकच मागणं, की अक्काच्या उजव्या डोळ्याला थांबव. देवाजवळ काही मागू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं. तरी मागत होते. पुढे कधी सिनेमा आला आणि अक्काला दिसत नसलं, तर मी त्या फेट्यांच्या गर्दीत कुणाला शोधू?

मग एका मंगळवारी, भरदुपारी, सुंदरराव एकटेच आले. आगाऊ फोन नाही, काही नाही. दुकानात एक बाई कुकरची शिटी बदलून घेत होती. सुंदरराव बाजूला उभे राहून घाम पुसत राहिले. ती गेल्यावर म्हणाले, “वैजिनाथ, बेलवंती येनार न्हाई.”

“ते कळलंय की.”

“कावून येनार न्हाई ते न्हाई कळलेलं. मी कंपनीला विचारलं. आज उत्तर आलं. म्हनत्यात, तो आमी मागंच दिलाय. एका डबीत दोन सिनेमे अशी मालिका काढलती, त्यात. आता माल संपला, पुन्हा काढायचा विचार न्हाई.”

“कुठल्या सिनेमाबरोबर?”

“‘उपसरपंचाची सायकल’.”

हे गल्ल्यावरून उठले ते सरळ आत गेले. मागोमाग आम्ही. खोलीत हे फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते, चेहरा असा की घरात साप निघालाय आणि तो कुठल्या कोपऱ्यात आहे हे ह्यांनाच माहीत आहे.

“हाय आपल्याकडं,” हे म्हणाले.

“हाय?”

“ह्या मालिकेच्या डब्यांच्या कडेला नंबर हायेत. मधला एक नंबर तुटत होता म्हनून घेतलती. सायकल आपल्याकडं दुसऱ्या कंपनीची होतीच, मग फोडायची कशाला? न्हाई फोडली. सोबतचा दुसरा कंचा ते बी न्हाई बघितलं.”

वरून दुसऱ्या ओळीत ती डबी होती. पुढे सायकलवर बसलेला जाडा माणूस, दात काढून हसणारा. मी त्याला रोज कोरड्या फडक्याने पुसत होते. मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या वेष्टनावर विकणाऱ्याने किमतीचा कागद चिकटवलेला. सुंदररावांनी डबी उजेडात तिरपी धरली, आणि कागदाच्या कडेखालून बारीक अक्षरं दिसली, ‘सोबत’ आणि पुढे ‘बेल’. बाकीचं कागदाखाली.

हे खाटेवर बसले. “बारा-तेरा वर्षं झाली हिला आनून,” म्हणाले. “दर पाडव्याला आमी इथंच बसून तर्क करायलोत. आन् तुझा बाप माझ्याच फळीवर.”

सुंदररावांनी बंकटला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून एवढं मोठं हसू आलं की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“मग बसलात काय? फोड बे वैजिनाथ!”

“अशी न फोडलेली आता महाराष्ट्रात दुसरी नसंल कदाचित,” सुंदरराव हळूच म्हणाले. त्यांचाही जीव त्यातलाच.

“सुंदरराव, तुमी मधी बोलू नका! त्या प्लॅस्टिकला काय सत्यनारायन घालायचाय का?”

ह्यांनी डबी माझ्यासमोर धरली. “तू फोड.”

“माझे हात ओले आहेत.”

“असू दे.”

मी तरी पदराला हात पुसले. नखाने कड शोधली. वेष्टन अगदी सहज निघालं, कांद्याच्या वरच्या सालीसारखं. सुंदररावांनी तोंड फिरवलं होतं.

पण ते तेवढ्यावर झालं नाही. जुना प्लेअर कपाटावरून काढला, टीव्हीला वायरी जोडल्या, तबकडी आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरं आली की तबकडी वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. ह्यांच्या कपाळावर घाम. इतक्या वर्षांत आतल्या आत बिघडली असेल तर? सुंदरराव म्हणाले, होतं तसं, वरचा मुलामा उडतो. मी भिंतीला टेकून मनात पंचाक्षरी म्हणत राहिले, नमः शिवाय, नमः शिवाय, मागणं सुद्धा सुचेना.

ह्यांनी तबकडी बाहेर काढली. मऊ कापडाने मधून कडेकडे, मधून कडेकडे पुसली, मग प्लेअरमध्ये हळूच फुंकर घातली. ह्या वेळी घरघर लांबली, थांबली, आणि पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत सायकल. दुसरीत बेलाच्या झाडाखाली उभी असलेली एक बाई.

“आला!” फोनमधून बंकट ओरडला. त्याला काही दिसत नव्हतं, आमच्या गप्प बसण्यावरूनच त्याने ओळखलं असेल.

ह्यांनी दुसरी चौकट दाबली. सनई वाजली. ‘बेलवंती’ ही अक्षरं पानांमधून हलत वर आली. मी तिथेच जमिनीवर बसले.

“थांबवा,” मी म्हणाले.

“कावून?”

“अक्काला फोन करते आधी.”

अक्काने उचलला तेव्हा मागे परातीचा आवाज येत होता. “उमे, लवकर बोल, भाकर तव्यावर हाय.”

“अक्का, बेलवंती सापडला.”

परातीचा आवाज थांबला.

“अक्का? भाकर करपेल.”

“करपू दे. चालतोय का?”

“चालतोय. आत्ता नाव आलं पडद्यावर.”

“तू बघितलास?”

“नाही. नावावरच थांबवला.”

“बघू नगंस. ऐक माझं. तू एकटी बघशील, मन लई वेडं असतंय, कुनाला बी बाप म्हनून धरून बसशील. त्यो फेटा न्हाई तर त्यो. मग मी दाखवला तरी तुला पटायचा न्हाई.”

मलाही नेमकी तीच भीती होती, फक्त मला ती शब्दांत सापडत नव्हती. “नाही बघत,” मी म्हणाले. “उद्या घेऊन येते. तुझ्या शेजारी बसूनच बघेन.”

“महादेवाची आन?”

“आन.”

“आन् दुपारच्या आत ये. सांच्याला मला सगळ्याला जाळी दिसती. दुपारचं बरं हाय अजून, उजव्यानं. परवा सुईत दोरा ओवला मी.”

“खरं?”

“तिसऱ्यांदा गेला. पर गेला.”

फोन ठेवला आणि मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. सुंदरराव पाणी आणायला गेले, त्यांना आमच्या घरात माठ कुठे आहे ते बरोबर ठाऊक आहे.

हे मात्र अजून खाटेवर तसेच. “इतकी वर्षं, उमा. अक्काचे दोन्ही डोळे चांगले व्हते तवा...”

“फोडली असती तर तुम्ही ती कुणाला तरी बघायला दिली असती,” मी म्हणाले. “तुमची आधीची सायकल तुम्ही अशीच बघायला दिली, ती परत आली नाही. ही फोडली नाही म्हणून घरात राहिली.”

हे खाटेवरून उठले. “तू लई चांगली हायेस,” म्हणाले, आणि लगेच वायरी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी पूजा नेहमीपेक्षा लवकर झाली. बेल वाहिला, तळहातावरच्या देवाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी काहीच मागितलं नाही. मन अगदी हलकं होतं, पाणी भरून झालेल्या घरासारखं. चहा घेताना हे दारात उभे राहिले.

“एस.टी.त धक्के बसत्यात. एकदा लावून बघू का, चालतोय ना अजून? पाच मिनिटं फक्त.”

“काल चालला ना?”

“चालला.”

“मग चालेल.”

“जत्रेपर्यंत न्हाई न्यायचा. नुसतं सुरुवातीचं.”

मी हसले फक्त. ह्यांनाही कळलं की आपण काय विचारतोय. मग ह्यांनीच प्लेअर माझ्या जुन्या इरकली लुगड्याच्या घडीत गुंडाळला, वायरी वेगळ्या पिशवीत घातल्या, आणि अक्काच्या टीव्हीला लाल, पिवळी, पांढरी कुठे लावायची ते मला पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायला लावलं. बाजाराचा दिवस होता, दुकान सोडता येत नव्हतं. डबी मी ब्लाऊजच्या कापडात बांधून पर्समध्ये ठेवली.

बाहेर ऊन अजून कोवळं होतं. पिशवी डाव्या हातात घेतली, पर्स छातीशी धरली आणि हमरस्त्याकडे चालू लागले. बीडची गाडी लांबून येताना दिसली, तिथून पुढे कड्याची. मी हात केला.