आईला लिहिलेलं शेत

अमेरिकेत, आयोवात येऊन महिना झाला नव्हता, तोच आल्गोट रीडेननं आईला पहिलं खोटं लिहिलं. स्वीडनमधल्या स्मोलांडच्या दगडगोट्यांच्या जमिनीला कंटाळून तो निघाला होता आणि इथं दिवसभर कोळशाच्या बुटक्या थरात कुशीवर पडून कुदळ मारत होता. पत्रात मात्र त्यानं मका लिहिला, दोन गाई लिहिल्या. म्हातारीच्या जिवाला घोर कशाला, असं त्यानं बायकोला, टेक्लाला, सांगितलं.

ते शेत पत्रागणिक एवढं वाढत गेलं की सहाव्या वर्षी धाकटा भाऊ वेर्नर त्याला हात द्यायला समुद्र ओलांडून आला. भावाच्या पापण्यांच्या कडांत बसलेली काजळी त्यानं स्टेशनवरच पाहिली. घरी टेक्लानं कॉफी ओतली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, गाई कुठं बांधल्यास?"

टेक्लाला हसू आलं आणि मग रडू. आल्गोटनं त्याला परत जायला परोपरीनं विनवलं. पण गावात काय तोंड दाखवू, म्हणत वेर्नर सोमवारी भावाबरोबर खाणीत उतरला.

वेर्नरच्या तिथल्या चौथ्या हिवाळ्यात खाणीचं छत कोसळलं. आल्गोट टेकूचं लाकूड आणायला मागं गेला होता. परतला तेव्हा वेर्नरचे फक्त बूट दिसत होते.

आईला त्यानं कळवलं, वेर्नर तापानं गेला, शेताच्या बांधावर त्याला मूठमाती दिली. टेक्लानं ते पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"आता तरी खरं लिही. तिच्या पोटचा गोळा होता तो."

"लिहीन. जरा दिवस जाऊ देत."

आईचं उत्तर आलं. त्यात शेताचं अवाक्षर नव्हतं. तब्येतीला जप, तुझ्या मुलींना शिकव, एवढंच होतं. म्हातारीला पटलं, असं समजून आल्गोटनं सुटकेचा निःश्वास सोडला. दिवस जाता जाता तीन वर्षं गेली.

मग बहीण हेडविगनं आई गेल्याचं कळवलं. सोबत आईच्या पेटीत सापडलेली वेर्नरची पत्रं होती. पहिलं पत्र तो आला त्याच आठवड्यातलं होतं. 'आई, दादा शेतात नाही, खाणीत आहे. त्याला फार लाज वाटते. तुला कळलंय असं त्याला जाणवू देऊ नकोस.'

आल्गोटनं ते दोनदा वाचलं.

"तिला ठाऊक होतं," तो टेक्लाला म्हणाला. "मी बांधावर पुरल्याचं लिहिलं, तेव्हाही."

टेक्ला त्याच्याजवळ येऊन बसली.

त्या रविवारी तो चर्चला गेला नाही. वेर्नर कसा गेला ते त्यानं हेडविगला लिहिलं. सगळ्या मिळून चार ओळी, पण त्यांत संध्याकाळ झाली. दोन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नव्हता.

'आईला हेच विचारायचं होतं,' तिनं लिहिलं होतं. 'मी म्हणायचे, विचार ना मग. ती म्हणायची, आल्गोट सांगेल आपणहून. पोस्टमन दिसला की दारात जाऊन उभी राहायची.'