घाटाचं वरचं टोक

तिसऱ्यांदा घोडीनं हौशीरामला घोडनदीच्या वाळूत आपटलं आणि लगाम ओढत ती थेट काठावर धुणं धुणाऱ्या त्याच्या बायकोपाशी जाऊन उभी राहिली. कुशाबाईनं ओल्या हातानंच तिची मान थोपटली.

"लागलं का हो?"

"मला काय लागतंय!" हौशीराम कंबर धरून उठला. "यात्रंत पळाली तर पळाली. न्हाईतर माथेरानवाल्याला देऊन टाकतो."

हौशीराम बोलला की बोलला. वीस वर्षं गावच्या बैलगाड्यापुढं त्याचीच घोडी धावली होती. शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, पुढं घोडी सुटली की तिच्यामागं बैल जीव खाऊन चढण चढतात. पुढची घोडीच बिचकली तर बैलांनी बघायचं कुणाकडं? जुनी घोडी म्हातारी होऊन मेली आणि ही नवी आली ती पाठीवर माशी बसू देईना!

लेकीला, श्रेयाला, खोडदला दिल्यापासून घर कुशाबाईला खायला उठायचं. आठवड्यातनं एकदा लेकीचा फोन यायचा, तोही शेजारच्या ठमाबाईकडं. नवरा दिवसभर पारावर. ही घोडी आल्यापासून तिला बोलायला कुणीतरी झालं होतं. आता तीही जाणार म्हणजे मग राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी ती घाटाच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पदरात भिजवलेले हरभरे घेऊन.

"ये गं बाई, ये!"

तिनं हाक मारली मात्र, घोडी अशी सुटली की हौशीरामला आयाळ धरावी लागली.

महिनाभर हेच चाललं. पुढं पुढं हाकेचीही गरज उरली नाही. वर कुशाबाई दिसली की झालं. मग मागं बैल असोत नाहीतर पोरांचा आरडाओरडा, घोडी कशालाच जुमानेना. हौशीरामला तर आभाळ ठेंगणं झालं.

"बघितलंस? माझ्या मांडीखाली आली की भलीभली सरळ व्हत्यात."

कुशाबाई हसली. त्याला तसं वाटतंय तर वाटू दे, घोडी दावणीला राहिली म्हणजे झालं.

यात्रेच्या सकाळी तिनं विचारलंच.

"मी येऊ का वर? नुसती उभी ऱ्हाते."

फेटा बांधता बांधता हौशीरामनं डोळे वटारले. "यात्रंच्या घाटात बाईमाणूस? गाव माझ्या तोंडात शेण घालंल. तू पावण्यांच्या सैपाकाचं बघ."

सरावाला कोण बघतंय, पण यात्रा ती यात्रा. त्या दिवशी गावातली एकही बाई आजवर घाटात गेली नव्हती. कुशाबाईलाही ते पटलं, आणि तिथंच तिचं चुकलं.

दुपारी ती पुरण वाटत होती. घाटातल्या माईकवाल्याचा आवाज चुलीपर्यंत येत होता.

"आली, हौशीरामभाऊंची घोडी आली! काय पळतीय राव! निम्मा घाट मागं टाकला... आरं, घोडी कुणाला बघतीय? थांबली! आरं फिरली, माघारी फिरली! बैलं आवरा! बैलं—"

आणि माईक बंद झाला.

कुशाबाई पुरणाच्या हातांनी, अनवाणी धावत सुटली. पाय आपोआप रोजच्या वाटेनं वरच्या टोकाकडं गेले. गर्दीतला एकजण तिला अडवायला पुढं झाला, पण तिचं तोंड बघून गुमान बाजूला सरकला.

खाली चढणीच्या मधोमध हौशीराम बसला होता, डोक्याला कुणाचा तरी टॉवेल धरून. बैल केव्हाच बाजूला नेले होते. दोघं जण घोडीचा लगाम धरून उभे होते. तिचा पुढचा एक पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता.

"आता जनावरांचा डॉक्टर तरी काय करणार?" शेजारी कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात घोडीनं मान वर केली. वरच्या टोकाला तिला कुशाबाई दिसली. तिनं असा हिसडा मारला की दोघांच्याही हातून लगाम सुटला, आणि तीन पायांवर ती चढणीला लागली.

"नको गं!" कुशाबाई किंचाळली आणि दोन्ही हात हलवत उताराला धावत सुटली. "येऊ नको! तिथंच थांब, मीच येते!"

तिचा आवाज ऐकून घोडीनं आणखीच घाई केली.