मुहूर्ताचा नारळ

लवू परबला त्या दिवशी मिळणार होता तो फक्त सुटीचा अर्धा दिवस. याहून जास्त त्याने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं, आणि मागितलं असतं तरी कोणी दिलं नसतं. चुलतभाऊ चंदूची गाडी घाटकोपरहून चारला गावाला सुटणार होती. ती गाठली की सकाळी कुडाळ. यंदा गणपतीची पाळी लवूच्या घरची. मूर्ती उचलून उंबरठ्याच्या आत आणायचा मान त्याचा. तो मान आजवर दरवेळी कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या यंत्रापायी धाकट्या भावाकडे गेला होता, आणि धाकटा आता तो आपलाच असल्यासारखा वागायला लागला होता.

हा अर्धा दिवस आत्ता श्यामकांत दळवींच्या हातात होता, नारळाच्या रूपात.

"हा हाताने नाही फोडायचा," श्यामकांत म्हणाले. "मशीन कशाला आणलंय मग? पहिला दाब देवाचा."

जमलेली चार माणसं हसली. लवूही हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हा त्याच्या कामाचाच भाग होता.

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात श्यामकांतांची चाचणीशाळा होती. नव्या इमारतींच्या काँक्रीटचे ठोकळे तिथे यायचे, दोन पोलादी पाटांमध्ये दाबले जायचे आणि किती दाबाला फुटले ते छापून परत जायचं. जुनं यंत्र हाताने पंप मारायचं होतं. हे नवं तेलाच्या दाबावर चालणारं, बटण दाबलं की झालं. लवू ते बनवणाऱ्या कंपनीकडून बसवायला आला होता आणि बसवण्यात त्याने कसर ठेवली नव्हती. यंत्र भिंतीपासून लांब घेतलं, पाण्यासारखं सपाट बसवलं, बोल्ट आवळले, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. अर्थिंग तर दोनदा तपासलं, कारण साकीनाक्याच्या वायरिंगवर त्याचा देवाइतकाही विश्वास नव्हता.

आता अडचण होती ती दाराची. यंत्राच्या तोंडावर जाळीचं दार होतं, मध्ये जाड प्लास्टिकची काच. दार उघडं असेल तर पंप लागतच नाही. चौकटीत बोटाएवढा स्विच असतो, तो दाबला गेल्याशिवाय यंत्र ढिम्म हलत नाही. चांगलं काँक्रीट फुटताना नुसतं भेगाळत नाही, त्याच्या कपच्या उडतात, म्हणून ही सोय.

"दार लावून फोडूया साहेब," लवू म्हणाला. "काचेतून दिसतंय सगळं."

"काचेत माझंच तोंड दिसतंय," मोबाइल धरून उभ्या असलेल्या इरावतीबाई म्हणाल्या. त्या श्यामकांतांच्या पत्नी. "व्हिडिओत नारळ दिसला पाहिजे हो. आमच्या सगळ्या ग्रुपवर टाकायचाय."

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे, परब," श्यामकांत म्हणाले. "काहीतरी जुगाड असेलच ना तुमच्याकडे."

होता. तसला जुगाड प्रत्येक फिटरच्या पेटीत असतो. लवूने मनात तोलून पाहिलं. नाही म्हणावं, तर साहेब रुसणार, कंपनीत फोन जाणार, समजूत घालण्यात तास जाणार. हो म्हणावं, तर बोटभर वायर. चंदूचा फोन तर खिशात थरथरतच होता. लवूने कानाला लावला.

"लवू, खय आसस रे? चारक सुटतलंव हां. तुझ्यासाठी थांबूचंव नाय."

लवूने स्विचचं झाकण उघडलं, दोन टोकं वायरीने जोडली आणि झाकण लावलं. यंत्राला आता दार उघडं काय नि बंद काय, सारखंच.

नारळाला हळदकुंकू लागलं. बटण दाबलं. खालचा पाट सावकाश वर आला, नारळ कुरकुरला आणि फटकन फुटला. पाणी इरावतीबाईंच्या साडीवर उडालं, टाळ्या झाल्या, व्हिडिओ झकास आला. तिथे कामाला असलेली पूर्वी फडकं घेऊन पुढे झाली आणि पाटावरचं पाणी टिपू लागली. यंत्र चालवणार होती ती पूर्वीच. खारदांड्याची मुलगी, डिप्लोमा झालेली, हाताला जलद आणि तोंडाला त्याहून जलद.

"काका, ती वायर काढताय ना?" तिने विचारलं.

लवूच्या एका हातात पेढा होता, दुसऱ्या हातात पिशवी. वायर काढायची म्हणजे मेन बंद करा, झाकण उघडा, आत नारळाचं पाणी शिरलंय का बघा.

"गणपतीवरून आलो की पहिला इकडेच येतो. सगळं नीट उघडून बघतो. तोवर दार लावूनच चालव."

"म्हणजे दार लावायचं मी लक्षात ठेवायचं."

"हो."

"मग स्विच कशाला असतो, काका?"

लवू हसला आणि त्याने आपला पेढा तिच्या हातावर ठेवला. हे उत्तर नव्हतं, पण तिने पेढा घेतला आणि लवूने ती पटल्याची खूण मानली.

गाडी मिळाली. मान मिळाला. मूर्ती घेऊन लवू दारात उभा राहिला, बायको सुगंधाने त्याच्या पायांवर दूध-पाणी घातलं, आणि धाकटा भाऊ पहिल्यांदाच मागे उभा राहिला. आरतीला लवूचा आवाज सगळ्यांत वर होता. त्या दिवसांत त्याला साकीनाका आठवला नाही असं नाही. आठवला, आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतःला सांगितलं की पोरगी हुशार आहे.

परत आल्यावर बोरिवलीला एका यंत्रातून तेल गळत होतं. मग मुलुंडला एका कॉलेजात नवं बसवायचं होतं. बोरिवलीला जातायेता साकीनाका वाटेतच होता, आणि वाटेत असलेली कामं मागेच पडतात. एकदा त्याने पूर्वीला फोन केला.

"मशीन कसं आहे?"

"एकदम मस्त. दार सारखं उघड-बंद करावं लागत नाही ना, दुप्पट ठोकळे होतात. सर खूश आहेत. साइटवाले नुसते डोक्यावर बसलेले असतात हो, मॅडम रिपोर्ट, मॅडम रिपोर्ट."

"दार लाव गं."

"लावते हो. तुम्ही कधी येताय?"

"येतो या आठवड्यात."

फोन ठेवल्यावर लवूला बरं वाटलं. सांगितलं म्हणजे केलं, असा त्याने जमाखर्च मांडला. माणूस इतरांचा हिशेब करताना पै सोडत नाही. स्वतःचा करताना मात्र अख्खी रक्कम हातचा धरून पुढे जातो.

दसरा झाला. गाळ्यातल्या यंत्रालाही झेंडूचा हार पडला असणार. त्यानंतर काही दिवसांनी श्यामकांतांचा फोन आला.

"परब, मशीनला काही झालेलं नाही, ती काळजी नको," ते म्हणाले, आणि लवूने हातातला पाना खाली ठेवला.

पुलाच्या कामाचा ठोकळा होता, भारी काँक्रीटचा. पूर्वी उघड्या दारातून तडा कुठून गेलाय ते बघायला वाकली आणि त्याच क्षणी तो फुटला. कपची उजव्या डोळ्यात गेली. कामाचा चष्मा कपाळावर होता, घामाने धुरकट होतो म्हणून वर केलेला. श्यामकांतांनी हे सगळं सांगितलं आणि मग आवाज खाली आणला.

"विम्याची माणसं येतील, तुमच्या कंपनीचीही येतील. ती वायर तेवढी काढून टाका."

लवू गेला. मेन बंद केला, झाकण उघडलं, वायर काढली, झाकण लावलं. जे काम गणपतीच्या आधी दोन मिनिटांचं होतं, ते आताही दोन मिनिटांचंच निघालं. दार उघडून त्याने बटण दाबून पाहिलं. पंप लागला नाही. स्विच अगदी उत्तम चालत होता. यंत्राखालची फरशी कोणीतरी स्वच्छ पुसून ठेवली होती.

दोन दिवसांनी कंपनीतून गार्गी मॅडमचा फोन आला. सर्व्हिसचा सगळा कारभार त्याच बघत. वयाने लवूच्या मुलीएवढ्या.

"परबकाका, त्या साकीनाक्याच्या मशीनचा दाराचा स्विच चालू आहे ना?"

"चालू आहे, मॅडम."

हे खरं होतं. 'आहे' विचारलं होतं, 'होता' विचारलं नव्हतं. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या माणसाला एवढा फरक पुरतो. त्याला तो त्या संध्याकाळपर्यंत पुरला. पुढे जेवण जाईना. सुगंधाला वाटलं, पित्त झालं. तिने कोकमाचं सार केलं, ते त्याने निमूटपणे प्यायलं आणि पित्त झाल्याचंही खोटं वर चढवलं.

दिवाळी कशीबशी पार पडली. मग एका रविवारी तो कांजूरमार्गच्या घरून निघाला आणि विचारत विचारत खारदांड्यात पूर्वीच्या घरी पोचला. सगळं सांगून टाकायचं, हे ठरलं होतं. वाक्यही तयार होतं, ते तो वाटभर घोळवत आला होता.

गल्लीच्या तोंडाशी बांबूंवर बोंबील वाळत होते. पूर्वीची आई, पार्वती, दारातच टोपली धूत बसली होती.

"मशीनवाले काका आलेत, आये," आतून पूर्वी म्हणाली. तिने त्याला आवाजावरून ओळखलं की डाव्या डोळ्याने, कोण जाणे. उजव्यावर काळी काच होती.

"या दादा, या," पार्वती म्हणाली. "हपिसातलं कोण नाय आलं इथवर. तुमीच पयले."

पूर्वीने चहा केला. ओतायला लागली, तर धार कपाच्या शेजारी पडली. पार्वतीने पुढे होऊन कपाच्या काठावर बोट ठेवलं. पूर्वीने किटली त्या बोटाच्या रोखाने नेली आणि कप भरला. दोघींना याची सवय झालेली दिसत होती.

"अंतर कळत नाही अजून," पूर्वी हसून म्हणाली. "डॉक्टर बोलले, होईल सवय. तोपर्यंत चहा बशीतूनच घ्या."

लवूने चहा बशीतून घेतला. पार्वती मासळी बघायला मागच्या दारी गेली, तेव्हा त्याने तयार ठेवलेलं वाक्य काढलं.

"पूर्वी, ती वायर माझी होती. मी उद्या मॅडमना सांगतो. खरं ते सांगून टाकतो."

"काका, वायर मी लावली, असं मी लिहून दिलंय."

लवूला कळेना.

"का पण?"

"दार उघडं असताना मशीन चाललं कसं, हे विम्यावाल्यांनी विचारलंच. ऑपरेशनचं सगळं सरांनी केलं. कामावर पण ठेवतायत, रिपोर्ट टाइप करायला. वायर मी लावली तर ती माझी चूक. कंपनीच्या माणसाने लावली, सरांनी लावायला सांगितली, तर ती केस. आणि केस किती वर्षं चालते, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"पण तुझ्या नावावर कशाला..."

"आता तुम्ही खरं बोललात तर मी खोटं लिहून दिलं असं होईल. मग मला कोण ठेवणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला हलकं वाटेल, मान्य. मला काय मिळेल ते सांगा."

लवूने बशी खाली ठेवली.

"तेव्हा बोलला होतात ना, गणपतीवरून आलो की पहिला इकडे येतो," पूर्वी म्हणाली. "ते राहिलं. आता गप्प राहायचंय, एवढं तरी पाळा."

पार्वती आत आली. हातात केळीच्या पानात बांधलेली पापलेटं होती.

"दादा, तुमीच सांगा हिला," ती बसता बसता म्हणाली. "मना काय समजतं त्या मशीनमधलं? पण ही शिकलेली ना? कामाची घाई म्हणून वायर जोडायची, दार उघडं टाकायचं? आमी बोटीवर जाणाऱ्याला सुदा बोलतो, दोर बघ, मग पाय टाक. तुमी मशीन बसवणारे. तुमचं तरी ऐकंल. चांगलं खडसावा."

पूर्वीने मान वर केली. एका डोळ्याने ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"सांगा, काका."

लवूच्या आयुष्यात अवघड यंत्रं पुष्कळ आली होती. जिन्यावरून न चढणारी, पायावर न बसणारी. एवढं जड त्याने काही उचललं नव्हतं.

"दार लावायचं असतं गं, बाळा," तो म्हणाला. "दार लावल्याशिवाय बटण दाबायचं नसतं."

"नाही दाबणार," पूर्वी म्हणाली.

"बघ. घरी येऊन सांगतायत," पार्वती समाधानाने म्हणाली आणि पापलेटं त्याच्या पिशवीत घालू लागली. लवूने पाकीट काढलं. तिने त्याचा हात असा बाजूला सारला की पाकीट जवळजवळ पडलंच.

"माझ्या पोरीला बघायला आलाव, आणि पैसे देताव?"

लवू घरी आला. येताना कोणाचं काय गेलं ते त्याने पुन्हा मांडून पाहिलं. श्यामकांतांचं इस्पितळाचं बिल गेलं, ते विम्यातून थोडंफार परत येणार होतं. कंपनीचं काही गेलं नाही. पूर्वीचा डोळा गेला आणि वर तिचं नाव. स्वतःच्या बाजूला त्याने बराच वेळ शोधलं. अर्धा दिवस मिळाला होता. मान मिळाला होता. आता मासेही.

सुगंधाने पान सोडलं, एकेका पापलेटाचं कल्लं उचलून पाहिलं आणि ती खूश झाली.

"ताजी आसत. कितक्याक गावली?"

"त्या पोरीच्या आवशीन पैशे घेवक नाय."

"अशी पापलेटां फुकट कोण देता?" सुगंधा विळी ओढत म्हणाली. "कोणीतरी पैशे भरल्यान आसतीत ना."

"त्या पोरीनच भरल्यान," लवू म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.