चिमणीचं वजन

ओळखलंत का मला, मित्रांनो? मी एक जुना तराजू आहे. कढईएवढ्या दोन पितळी पारड्यांचा, किराणा दुकानात आकड्याला टांगलेला. कारखान्यात माझी दांडी घडली आणि दुकानदार आजोबांच्या हाताखाली माझी हयात गेली. तांदूळ, साखर, खिळे, साबण, काय नाही तोललं! "याच्या तोलात केसाचाही फरक नाही," असं आजोबा छातीठोकपणे सांगत आणि मी फुशारून जाई. मग आकडे दाखवणारा विजेचा काटा आला नि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, त्या काट्याचा मला भारी राग येई.

एके दिवशी दुकानामागच्या खोल्यांत नवं बाळ आलं. आजोबांची नात! सगळे तिला चिमणी म्हणू लागले आणि घराची घडी पार विस्कटली. तिचा बाप उभ्या उभ्या पेंगू लागला. मीठ मागणाऱ्याला साखर देऊ लागला. आजी रोज दूध उतू घालवू लागली. आजोबा तर हरखूनच गेले.

"माझ्या नातीचं वजन त्या विजेच्या डबड्यावर? छे!" म्हणत त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. थंडीचे दिवस होते. जाड दुपट्यात गुंडाळलेली चिमणी माझ्या पारड्यात विसावली. इतकं गोड ओझं मी कधी उचललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं. चिमणीला पातळ कपड्यात आणलं. आजोबांनी तीच वजनं टाकली आणि चिमणीचं पारडं वर गेलं. थोडी वजनं काढली, तेव्हा कुठे पारडी समान झाली.

"अगं बाई, पोर वाळायला लागली!" आजी घाबरली. "हिला दूध पुरत नाही. उद्यापासून बाटली सुरू करू."

सूनबाई, चिमणीची आई, बाळाला उचलून आत गेली. नवऱ्याला म्हणाली, "मीच कमी पडतेय रे. माझं बाळ माझ्याकडे उपाशी राहतंय." आणि ढसाढसा रडली. त्या दिवशी तिला घास गिळवेना. माझी दांडी सरळ होती हो! पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

दुसऱ्या दिवशी वीज गेली. विजेचा काटा बंद पडला. शेजारच्या शिंपीणबाई किटली घेऊन तेलाला आल्या. आजोबांनी सवयीने रिकामी किटली माझ्या पारड्यात ठेवली आणि समोर तेवढीच वजनं टाकली. भांड्याचं वजन आधी वेगळं काढायचं, मगच तेल ओतायचं. याला आम्ही धडा करणं म्हणतो. आजोबांचा हात एकदम थबकला.

"अहो, तेल?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"थांबा हो बाई! दुपट्याचा धडा राहिला!" आजोबा ओरडतच आत पळाले.

ते जाड दुपटं घेऊन आले. त्यांनी ते एकटंच तोललं, तेवढं वजन पहिल्या वजनातून वजा केलं, उरलेलं कालच्या वजनाशी ताडलं आणि कपाळावर हात मारला. चिमणी वाळली नव्हती. चांगली भरली होती.

आजोबा सुनेपुढे कान धरून उभे राहिले. "पोरी, तुझं काही कमी पडलं नाही. माझी अक्कल कमी पडली. जन्मभर किटल्यांचं वजन वजा करत आलो आणि नातीच्या कौतुकात दुपटं विसरलो!"

"माझीच जीभ जरा जास्त चालली गं," आजी हळूच म्हणाली.

सूनबाई रडता रडता हसली. "बाबा, आता तोलणं बंद. नुसतं घ्या तिला."

आजोबांनी चिमणीला छातीशी धरलं. तिने लगेच त्यांचा शर्ट चिंब केला.

"बघा, बघा! पोट भरलंय पोरीचं!" आजोबा दुकानात येऊन ओरडले.

"भरलं ना? मग आता माझी किटली भरा," शिंपीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून ठेवा, आम्ही अजून कामाला येतो. पण घरात बाळ आलं, तर त्याच्या आईला कुणी तोलू नका. आपण कमी तर पडत नाही ना, ही धास्ती तिला आधीच असते. तिला गरम गरम वाढा. बाळाला थोडा वेळ तुम्ही घ्या आणि तिला झोपू द्या.