कडीतून जाणारी दोरी

सोमवारपासून चिमणीला गळ्यात पट्टा घालायचा होता. तिची मान सदा डाव्या खांद्याकडे कललेली. घरात सगळे दिवसभर "मान सरळ" म्हणत, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या मुली तिला घड्याळाच्या कललेल्या काट्यावरून साडेअकरा म्हणत. तेल चोळून झालं, व्यायाम झाले. आता पट्टा.

"पट्टा घातला की मी शाळेत जाणार नाही," चिमणीने आजोबांना सांगून टाकलं.

आजोबा वाद घालत बसले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जन्मभर शरीररचना शिकवली होती. रुसलेल्या मुलाच्या हाताला काम द्यावं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी रबरी चेंडू, फिती आणि पुठ्ठ्याचं खोकं काढलं.

"चल, उजवा डोळा करू. चेंडूला सहा फिती लागतील, डोळ्याच्या सहा स्नायूंच्या. वर, खाली, नाकाकडे, कानाकडे, या चार सरळ. उरलेल्या दोन तिरक्या."

"तिरक्या कशाला? माझ्यासारख्या?"

"डोळा नुसता वळत नाही, थोडा गोल फिरतोही, म्हणून. ही वरची तिरकी बघ, मोठी नखरेल. मागून येते, नाकाजवळच्या कडीतून जाते आणि वळून डोळ्याच्या माथ्याला चिकटते. पडद्याची दोरी जाते ना, तशी."

त्यांनी खोक्याला पडद्याची कडी अडकवली. "आता एक डोळा मिट आणि सांग, फीत कडीच्या मधोमध आहे का?"

चिमणीने उजवा डोळा मिटला. तेवढ्यात आई पट्टा घेऊन दारात आली. "चिमणे, मान स..." म्हणाली आणि थांबली. मान सरळ होती. अगदी ओळंब्यासारखी.

आजोबांच्या हातातली फीत तशीच राहिली. "आता दोन्ही डोळे उघड."

मान हळूच डावीकडे कलली.

"मिट."

मान सरळ.

"दोन्ही उघडे ठेवून मान मुद्दाम सरळ केलीस, तर काय दिसतं?"

"दोन चेंडू. एक वर, एक खाली, जरा तिरका."

आई पट्टा घेऊनच तिच्यासमोर खुर्चीत बसली. "अगं, मग बोलली का नाहीस कधी?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच दोन दिसतात. तुम्हाला सवय झाली असेल."

आजोबांनी कडीतली फीत बोटाने चाचपली. सगळं घर मानेकडे बघत होतं आणि तेही त्यातच होते. या फितीवर त्यांनी कितीतरी तास घेतले होते, पण शिकवायचं मृतदेहांवर, आणि ते डोळे काही हलत नसत.

"बाबा, म्हणजे मानेत काही नाही?" आईने विचारलं.

"मला वाटतं, तिची ही फीत ढिली आहे. मान कलती केली की दोन चित्रं एक होतात. बिचारी मान डोळ्याचं ओझं उचलतेय. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू. चष्मा की छोटी शस्त्रक्रिया, ते तपासून सांगतील."

"आणि तोवर?"

"तोवर मानेला कुणी बोलायचं नाही."

चिमणीने आईच्या मांडीवरचा पट्टा उचलला, टेबलावर गोल ठेवला आणि त्यात चेंडू बसवला. मगापासून तो सारखा घरंगळत होता. आता नीट बसला. मग मान हवी तेवढी कलती करून तिने कडीतली फीत ओढली.

"आजोबा, फिरला."