फॉइल कुठल्या बाजूला

“फॉइल अंदर!” खैरुद्दीन फोरमनने नकाशावर बोट आपटलं. “साहब ने अंदर लिखा है, तो अंदर. तेरे को क्या तकलीफ?”

“मेरे को नहीं, दीवार को होगी,” नागेश म्हणाला आणि भिंतीत भरायच्या ग्लासवूलचा रोल आडवा टाकून त्यावर बसला.

आखातातल्या खलिफा सिटीत नमुन्याचे दोन व्हिला उभे राहत होते. सप्टेंबर २००१. घर थोडक्या खर्चात उबदार कसं ठेवायचं, हे शिकवण्यात ज्यांची पंचवीस वर्षं गेली, ते आल्तोनेन नावाचे इंजिनिअर फिनलंडहून आले होते. तीच विद्या उलटी केली की इथली घरं कमी विजेत थंड राहतील, असा हिशेब. पाहुणे चांगले होते. फॉइलचा जोड वीतभर एकावर एक घ्यायचा आणि लाकडी रुळाने घासून बसवायचा, हे त्यांनी गुडघे टेकून दाखवलं. नागेशने ते त्याच दिवशी उचललं.

नागेश गुहागरकडचा. चौदा वर्षं एसीची थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टला ग्लासवूल गुंडाळत होता आणि वरून फॉइल. नेहमी वरून. दमट हवा बाहेर असते, तिला थंड पत्र्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. नकाशात मात्र फॉइल खोलीच्या बाजूला होतं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर भिंतींना बुरशी धरली, तेव्हा नकाशा काढणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. खापर फुटलं ते भिंत भरणाऱ्यावर; नागेशचा जोडीदार रामेश्वर आठ दिवसांत परतीच्या विमानात बसला. आता या भिंती नागेशच्या हातच्या होत्या.

साइट इंजिनिअर सुचित्राला त्याने गाठलं. “मॅडम, घर थंड ठेवायचं, तर घर म्हणजे एक मोठा डक्टच ना?”

ती थांबली. “दादा, पॉइंट आहे. पण त्यांना सांगू काय? नागेशदादांना वाटतं, असं?”

“सांगून नाय पटायचं. साहेबांना केबिनमध्ये आणा.”

साइटची प्लायवुडची केबिन गेल्या वर्षी खैरुद्दीननेच उरल्यासुरल्या मालाने आतून मढवली होती. फॉइल खोलीच्या बाजूला, वर नक्षीचं प्लाय. एसी रात्रंदिवस चालू. आल्तोनेन दारात आले, तसं नागेशने भिंतीत चाकू खुपसला आणि हातभर तुकडा कापून काढला.

“अरे पागल! कंपनी का केबिन है!” खैरुद्दीन ओरडला. “खलास! अब तू गया!”

नागेशने आतलं ग्लासवूल मुठीत धरून पिळलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

आल्तोनेन त्या भोकापाशी वाकले. मग स्वतः हात घातला आणि ओल्या बोटांचा वास घेतला. सुचित्राकडे वळून ते हळू आवाजात काहीतरी बोलले.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, आमच्याकडं दमट हवा घरातली असते. स्वयंपाकाची, आंघोळीची. ती भिंतीत शिरू नये म्हणून फॉइल आत. इथं बाजू बदलायला हवी होती, ते राहून गेलं.”

“त्यांना विचारा, तिकडं बाहेर टेंपरेचर किती असतं?”

“उणे पंचवीस. आत एकवीस.”

नागेशने मनात बेरीज केली. “सेहेचाळीसचा फरक! इथं बाहेर अठ्ठेचाळीस, आत चोवीस, म्हणजे चोवीसचाच. साहेब, तुमचं काम जास्त अवघड आहे.”

सुचित्राने भाषांतर केलं. आल्तोनेन पहिल्यांदाच मोठ्याने हसले आणि नकाशावरची रेघ त्यांनी स्वतःच खोडली.

“यल्ला, चलो, बाहर से!” खैरुद्दीन रोल उचलत म्हणाला. “मैं तो पहले से बोल रहा था.”

नव्या नकाशावर आल्तोनेन यांची सही होती. “तुमचं नाव नाही आलं, दादा,” सुचित्रा म्हणाली.

“नसू दे. नाव असलं की काही बिघडल्यावर बोलावणी येतात.”

पुढल्या ऑगस्टमध्ये तपासणीसाठी एका व्हिलातली भिंत वीतभर उघडली. ग्लासवूल कोरडं ठणठणीत. फॅक्स फिनलंडला गेला. नागेशने भोक बुजवलं, पुट्टी घासली, रंगाचे दोन हात दिले.

तिसऱ्या दिवशी तो शिडी न्यायला गेला, तेव्हा घरमालकीण साजिदाबाईंनी विचारलं, “दीवार कहाँ से खोली थी, भाई?”

नागेश भिंतीपाशी गेला. पालथ्या हाताने इथे चाचपलं, तिथे चाचपलं. शेवटी त्यालाही नक्की सांगता येईना.