शिगुरे राजकन्येचा 'मी'

ही गोष्ट सांगताना मी हायासेला पहिल्यापासून 'ती' म्हणणार आहे. तेव्हा आम्ही सगळे तिला 'तो' म्हणत होतो. पण आमच्या आंधळेपणाला व्याकरणात जागा द्यायचं काही कारण नाही.

आम्ही म्हणजे आमच्या गुरू, त्सुकुमो-सेन्सेई, यांच्या स्टुडिओतली माणसं. स्टुडिओ हा जरा फुगवलेला शब्द झाला. तोक्योच्या नेरिमात एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या, तीन टेबलं, रॉकेलचा हीटर आणि त्यावर सदा कुरकुरणारी किटली. सेन्सेई मासिकासाठी मांगा, म्हणजे चित्रकथा काढायच्या. त्यात चेहरे त्यांचे. मागचं सगळं माझं, म्हणजे या ओनोदेराचं: छपरं, झाडं, जिने, गर्दी, घोडे. वाचक चेहरे बघतात आणि छपरांवरून नजर फिरवतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण बोलून दाखवत नाही. हायासे आमच्यात सगळ्यात लहान, पंचविशीची; किमोनोंवरची नक्षी तिच्याकडे. एका बाहीवर ती इतकी फुलं भरायची की पाहणाऱ्याचे डोळे दुखावेत.

आमची मांगा होती शिगुरे राजकन्येची. शिगुरे जन्माने मुलगा. शत्रू त्या घराण्यातला एकेक मुलगा वेचून मारत सुटलेला, म्हणून आईने त्याला मुलगी म्हणून वाढवलं. किल्ल्यात कुणाला पत्ता नाही. स्थळं येतात, शेजारचा सरदार प्रेमात पडतो, दासी आंघोळीचं पाणी घेऊन नको त्या वेळी आत शिरतात, आणि राजकन्या प्रत्येक वेळी केसभर अंतराने वाचते. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि लोक वर्षानुवर्षं हसत होते.

आता 'मी'बद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथे झाला. आमच्या जपानी भाषेत क्रियापदाला बाई-बुवा कळत नाही. ते सगळं ओझं 'मी'च्या डोक्यावर, आणि 'मी' एक नाही, डबाभर आहेत. रांगडा पुरुष स्वतःला 'ओरे' म्हणतो. शहाणा मुलगा 'बोकु' म्हणतो. 'वाताशि' कुणालाही चालतो, पण तरुण मुलगा चहा पिताना 'वाताशि' म्हणाला तर नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा वाटतो. 'आताशि' मात्र बायकांचा, घरगुती, गल्लीतल्या गप्पांचा. आणि राजकन्या म्हणते 'वाताकुशि', हे सगळं रेशमात गुंडाळून.

नियम असे असले तरी माणसं आपली माणसंच असतात. माझी आई अकिताच्या खेड्यातली. तिकडच्या म्हाताऱ्या बायका सर्रास 'ओरे' म्हणतात. सहा मुलं झाली तरी आईचं आपलं "ओरेच्या कमरेत उसण भरली." तोक्योला आल्यावर पहिल्या दिवशी मीही सेन्सेईंसमोर 'ओरे' म्हणून बसले होते. सेन्सेई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात आल्या. आणि त्या स्वतः? साठी उलटल्यावर त्यांनी 'वाशि' धरला. 'वाशि' म्हणजे खेड्यातल्या पारावर बसणाऱ्या आजोबांचा 'मी'. "बाई म्हातारी झाली की तिला कुणी विचारत नाही. म्हाताऱ्याचं ऐकतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडे दिवसभर चालायचं, "ओनोदेरा, मी दमलो गं. मी जरा पडतो." कुणाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

हायासे मात्र 'मी' म्हणतच नसे. आमच्या भाषेत ते जमतं, वाक्यातून 'मी' गाळला तरी भागतं; पण कायमचा गाळणं म्हणजे हात न लावता भात खाण्यासारखं. "चहा झालाय." "शाई संपत आली." "हे पान आवडलं." एवढंच. आम्हाला वाटायचं, पोरगा लाजाळू आहे. सकाळी दारात चपला काढताना ती हळूच "सुप्रभात" म्हणायची आणि सेन्सेई मान वर न करता म्हणायच्या, "ये रे."

फक्त गुरुवारी तिचा चेहरा उजळायचा. पानांना शाई लावण्याआधी आमच्याकडे सगळे संवादांचे फुगे मोठ्याने वाचायचा रिवाज होता. बोलायला अडलं तर वाचायलाही अडतं, असा सेन्सेईंचा हट्ट. प्रत्येकाची भूमिका ठरलेली. संपादक कोमात्सुबारा यायचे, ते खलनायक. सेन्सेई सरदार. मी दासी, जमाव आणि घोडा. आणि राजकन्या हायासे, कारण बाकी कुणाच्या तोंडी ती शोभत नव्हती. तिने "वाताकुशि" म्हटलं की खरंच कुणीतरी पंखा मिटून बघतंय असं वाटायचं. आठवड्यातल्या त्या तासाभरात ती पोटभर 'मी' म्हणून घ्यायची. हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही.

डिसेंबरात कोमात्सुबारा वर्षअखेरची भेट म्हणून हॅमचा डबा घेऊन आले. त्यांच्या मागोमाग वाईट बातमीही आली.

"सेन्सेई, आता गोष्ट संपवू या," ते म्हणाले. "शत्रू मरतो. राजकन्या केस कापते, तलवार उपसते आणि पहिल्यांदा 'ओरे' म्हणते. झाला पुरुष! वाचक टाळ्या वाजवतील."

"आणि नाही वाजवल्या तर?"

"वाजवतील हो. आधीच पत्रं येतायत. लोक विचारतात, किल्ल्यातली माणसं इतकी मठ्ठ कशी? रोज एका छपराखाली राहतात, एका भांड्यातलं खातात आणि कुणालाच संशय येत नाही? पटत नाही लोकांना."

सेन्सेईंनी पेन कानामागे खोचलं. "ओनोदेरा, तुला काय वाटतं? असं होऊ शकतं का?"

"छे!" मी म्हणाले. "बाईला लगेच कळतं. माझ्या नजरेतून तर मुंगी सुटत नाही."

"मलाही कळलंच असतं," कोमात्सुबारा म्हणाले. "संपादकाची नजर असते."

"हायासे, तुझं काय?"

हायासे संत्रं सोलत होती. तिने साल कुठेही न तोडता पूर्ण गोल काढली आणि मग म्हणाली, "होऊ शकतं."

"तू अजून लहान आहेस," मी म्हणाले. आज तो शब्द आठवला की माझे कान गरम होतात.

ठरलं एकदाचं. सेन्सेईंनी शेवटच्या भागाचा कच्चा आराखडा केला. हायासे नेहमीपेक्षाही गप्प झाली. नक्षीत फुलं कमी झाली. एकदा तर तिने शिगुरेच्या बाहीवर नुसत्या रेघा मारून पान पुढे सरकवलं. सेन्सेई ओरडल्या, "अरे, हा किमोनो आहे का चटई?" ती "परत काढायला हवं" म्हणाली आणि काढलं तिने, पण ती फुलंसुद्धा मान टाकल्यासारखी होती. पोटदुखी असेल म्हणून मी तिला माझ्याकडचं औषध दिलं. तिने ते मुकाट्याने घेतलं.

मग शेवटचा गुरुवार आला. दुपारची वेळ, हीटर पेटलेला, हॅमचे काप बशीत. वाचन रंगात आलं होतं. कोमात्सुबारा एवढे झकास मेले की त्यांनी जमिनीवर हात-पाय ताणले. मी दासी म्हणून किंचाळले, जमाव म्हणून ओरडले आणि घोडा म्हणून फुरफुरायला लागले. तेवढ्यात शिगुरे अंगणात आली. केस कापलेले. हातात तलवार. फुग्यात वाक्य होतं: "ओरे आता कुणापासून लपणार नाही."

हायासेने पान हातात धरलं.

"आताशि," ती म्हणाली, "आता कुणापासून लपणार नाही."

मेलेले कोमात्सुबारा उठून बसले. "हायासे-कुन, 'ओरे' लिहिलंय तिथे."

"आताशि आता कुणापासून लपणार नाही."

"अरे, डोळे तपासून घे," सेन्सेई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहिलंय मी."

"डोळे ठीक आहेत, सेन्सेई." तिने पान खाली ठेवलं, कडा टेबलाच्या कडेला नीट जुळवल्या. "हा शब्द राजकन्येचा नाही. माझा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मुलगा नाही. पहिल्या दिवशी इथे आले, तेव्हाही नव्हते."

किटली शिट्टी वाजवत राहिली. मी अजून घोड्याच्याच तोंडाने बसले होते, ओठ पुढे काढून. ते आत घ्यायचं मला सुचेना.

"सेन्सेई 'वाशि' म्हणतात, चालतं," हायासे पुढे बोलू लागली. एवढं सलग मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "ओनोदेरा-सानची आई 'ओरे' म्हणते, चालतं. राजकन्येला तरी गुरुवारी म्हणता येत होतं. आता तिच्याकडूनही काढून घेताय. मग मी कुठे म्हणू?"

सेन्सेईंचा चेहरा लाल झाला. त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पोरीचं काम गेलं. हायासेलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने स्वतःची ब्रशांची पिशवी जवळ ओढली.

"वेषांतर!" सेन्सेई गरजल्या. "आयुष्यभर मी वेषांतरं काढतो! तलवारबाज बाया काढल्या, नाचणारे बाप्ये काढले, भिकाऱ्याच्या वेषातले राजे काढले! आणि माझ्या नाकासमोर, माझ्या शेजारच्या टेबलावर... कोमात्सुबारा!"

"जी!"

"तू किती वर्षं इथे येतोस? हिच्या हातचा चहा पितोस?"

"पितो."

"तुझ्या त्या संपादकाच्या नजरेला काही दिसलं?"

"नाही, सेन्सेई."

"ओनोदेरा, तुझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही ना?"

मी मान खाली घातली.

"मग माझ्या दासींनी काय घोडं मारलंय?" सेन्सेईंनी टेबलावर अशी थाप मारली की हॅमचा काप बशीतून उडाला. "कळव त्या वाचकांना! म्हणावं, किल्ल्यातली माणसं मठ्ठच असतात! आम्ही स्वतः करून पाहिलंय!"

त्या मटकन खाली बसल्या. हायासेकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आणि शिगुरेला पुरुष करायला मी तुलाच वाचायला बसवलं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तेच तर म्हणतोय."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. उठून किटली उतरवली. तेवढंच हाताशी काम होतं.

हायासेने विचारलं, "उद्यापासून येऊ ना?"

"न येऊन चालेल का? एवढी फुलं काय मी एकटा काढू?" सेन्सेईंनी कानामागचं पेन काढलं, आराखड्यातला 'ओरे' खोडला आणि वर ठसठशीत 'आताशि' लिहिलं. तलवार खोडली. कापलेले केस एका झटक्यात कमरेपर्यंत वाढवले.

कोमात्सुबारांनी घसा खाकरला. "सेन्सेई, ती राजकन्या राहू दे, माझं काही म्हणणं नाही. पण राजघराण्यातली बाई 'वाताकुशि' म्हणते. 'आताशि' कशी म्हणेल? ती काय मासळीबाजारात बसते?"

सेन्सेईंचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखते. माझ्या पाठीत आधीच कळ आली.

"बसेल," त्या म्हणाल्या. "किल्ला सोडून जाईल आणि मासे विकेल. कुणासाठी मुलगी नाही, कुणाच्या भीतीने नाही. स्वतःची, बाजारातली, 'आताशि' म्हणणारी. ओनोदेरा, मासळीबाजार काढ."

"किल्ल्याची सगळी छपरं झालीत माझी!"

"मस्त झालीत. ठेव जपून."

एक मुलगी खरं बोलली आणि माझ्या वाट्याला मासळीबाजार आला. टोपल्या, तराजू, बांगडे, खेकडे, मांजरं. मांजरं हायासेने परस्पर वाढवली. शिगुरेच्या साध्या सुती किमोनोवर तिने एकच फूल काढलं, पण ते असं काढलं की बाजाराकडे कुणी बघेना. माझं नेहमीचंच नशीब.

पुढे पत्रं आली, पोतंभर आली. शिगुरे पुरुष का झाली नाही, असं विचारणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांची तक्रार एकच: बांगडे त्या ऋतूत एवढे मोठे नसतात. ते माझं काम होतं. म्हणजे कुणीतरी मागचं चित्र पाहिलं होतं! ती पत्रं मी दोनदा वाचली.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारनंतरची सकाळ अजून सांगायची राहिली.

मी लवकर येऊन खेकड्यांच्या नांग्या काढत बसले होते. सेन्सेई चेहरा पानाजवळ नेऊन शिगुरेच्या पापण्या काढत होत्या. जिन्यावर पावलं वाजली, दार सरकलं, चपला काढल्याचा आवाज आला. रोज 'सुप्रभात' यायचं ते आलं नाही. मी टाक थांबवला.

मग मोठा श्वास घेतल्याचा आवाज झाला.

"मी आले!" हायासे म्हणाली.

सेन्सेईंनी मान वर केली नाही. पापणी अर्धी झाली होती, हात हलवून चाललं नसतं.

"ये गं," त्या म्हणाल्या.